तिकडच्या साठ किलो गटाचा आढावा

भालकी,
डिसेंबरअखेर

प्रिय अण्णा,

वर्ष संपायला दोन दिवस राहिलेत आणि आढावा अजून कोराच आहे. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच तो माझ्या गळ्यात पडलाय. तू असतास तर एव्हाना मथळा दोनदा गिरवून झाला असता, दौत एकदा सांडून झाली असती आणि वर मलाच दटावणं चाललं असतं, "सुमे, गप बस गं, मी लिहायलोय दिसत न्हाई का?"

पण या वर्षीच्या आढाव्यात जे लिहावं लागणार आहे, ते आधी तुला सांगितल्याशिवाय मला लिहिता येणार नाही. म्हणून हे पत्र. रागावायचं असेल तर इथंच रागावून घे.

तुला आठवतं, सुरुवात कशी झाली? आपल्या बाबांनी धम्म घेतला आणि घरातली देवीची परडी आपल्या गावी, मुडबीच्या नाल्यात सोडली. सोडताना कवड्यांची माळ तुटली आणि तू त्यातल्या सात कवड्या मुठीत दाबून घरी आणल्यास. बाबांनी विचारलं तेव्हा म्हणालास, "देव न्हाई मानायचा, मान्य. पण कवड्यांनी काय केलंय?" बाबा हसले म्हणून वाचलास!

पुढं मिलिटरीतले मामा सुट्टीवर आले आणि त्यांनी बॉक्सिंगचं वेड लावलं. आपल्याकडं कुस्ती सगळ्यांना ठाऊक, पण हे निराळंच. पडलेल्या माणसाला उठायला दहा आकड्यांचा वेळ देतात, हे ऐकून तू दोन दिवस त्याच्याबद्दलच बोलत होतास. मग तू एक जगच मांडलंस. कवड्यांवर चालणारं, वहीत राहणारं. त्याला नावसुद्धा दिलं नाहीस. आपण नुसतं "तिकडं" म्हणायचो. वर्ष सरताना तिथल्या लढतींचा आढावा तू वहीत लिहायचास.

तिकडं मुडबी होती, भालकी होती, औराद, उदगीर, उमरगा, सगळं होतं. हैदराबाद संस्थान नव्हतं, मैसूर राज्य नव्हतं, मध्ये सरहद्द नव्हती. मुडबीत विजेच्या दिव्यांचं मोठं सभागृह होतं, आणि मुष्टियोद्ध्याला गाव आणि नाव एवढंच असे. आडनाव कुणी विचारत नसे. त्या वयात मला वाटायचं, हा तुझा विसराळूपणा. तू ते मुद्दाम केलं होतंस, हे शाळेत नोकरी लागल्यावर, पहिल्याच दिवशी हजेरीपटावर आडनावासकट सही करताना, बाकीच्यांच्या नजरा बघून कळलं.

माझं सासर सुटलं आणि मी पिशवी घेऊन तुझ्या दारात आले, त्या संध्याकाळी तू काय विचारलंस? कामून आलीस, असं नाही. म्हणालास, "बरं झालं आलीस. तिकडं साठ किलोच्या गटात लई गोंधळ झालाय." वहिनीनं कपाळावर हात मारला आणि माझं ताट वाढलं. त्या ताटावर मी आजही जेवते आहे अण्णा, हे लक्षात ठेवून पुढचं वाच.

तिकडचे नियम तू कारखान्यावरून आणले होतेस. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तू उसाच्या गाड्या तोलायचास. तिथली रीत अशी की एकानं काटा बघून वजन पुकारायचं आणि दुसऱ्यानं मान वर न करता लिहायचं. पुकारलं तेच वजन. तिकडंही तसंच. लढतीआधी तू पाठ करून बसायचास, मी सात कवड्या टाकायची आणि पुकारायची. उताण्या विषम पडल्या तर गड्याचं वजन तितके किलो उतरलं, सम पडल्या तर तितकं चढलं. मग तीन फेऱ्या, ज्याच्या उताण्या जास्त त्याची फेरी. बरोबरी झाली तर गादी जुन्या विजेत्याकडं. आणि एखादी कवडी कशाला टेकून तिरकी राहिली तर ती उताणी की पालथी, हे पुकारणाऱ्यानं ठरवायचं. त्यावर वाद नाही.

एकवीस वर्षांत तू एकदाही वळून बघितलं नाहीस. किती विश्वास ठेवायचा रे माणसानं!

मागच्या वर्षी सरत्या पावसाळ्यात तुझी भूक गेली. भालकीच्या डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं आणि तुला-मला दोघांना समोर बसवून सांगितलं की दर पंधरा दिवसांनी वजन करा, तीन किलो जरी उतरलं तरी थांबू नका, लगेच या, सोलापूरला पाठवायचंय. वहिनी त्या दिवशी माहेरी होती. तू तिला घाबरवायचं नाही असं ठरवलंस आणि मीही मान डोलावली.

शिवलिंगअप्पांच्या आडत दुकानातल्या ज्वारीच्या काट्यावर तू पहिल्यांदा उभा राहिलास तेव्हा बरोबर साठ भरलास. केवढा खूश झालास! "सुमे, मी गटात बसलो की!" म्हणालास आणि घरी येऊन वहीत स्वतःलाच उतरवलंस. भालकीचा धर्मा, वय त्रेचाळीस, वजन साठ. तुझ्या वजनाला कवड्या नकोत, तुझं वजन खऱ्या काट्यावरचं, असंही लिहिलंस. त्याच महिन्यात तू विजेता झालास. कवड्या मीच टाकल्या होत्या, त्या लढतीत मी काही केलं नाही, शपथ.

पंधरा दिवसांनी तू पुन्हा उभा राहिलास. काट्याकडं पाठ, तोंड रस्त्याकडं, अंगावर तो तपकिरी कोट. मी दांडीवरचं वजन सरकवत गेले. सत्तावन्न.

"किती गं?" तू विचारलंस.

मी "साठ" म्हणाले.

का म्हणाले? वर्षभर हेच विचारतेय मी स्वतःला. आईला सोलापूरला नेलं होतं, ती परत आली नाही, हे एक. तुझा आवाज त्या दिवशी आनंदी होता, हे दुसरं. आणि तिसरं असं की मी विचारच केला नाही. तोंडातून गेलं. पुढच्या वेळी खरं सांगू, असं मनात म्हणत मी तुझ्या मागे घरापर्यंत चालत आले.

पुढच्या वेळी छप्पन्न भरलास. मी साठ म्हणाले. मग एक्कावन्न. साठ. मग अठ्ठेचाळीस. त्या दिवशी शिवलिंगअप्पांनी गादीवरून चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. "साठ?" एवढंच म्हणाले. मी म्हणाले, "व्हय, साठ." त्यांनी मान खाली घातली. बाईमाणसाला, त्यातून शाळेतल्या बाईंना, खोटं कोण म्हणणार?

आणि सहाव्या वेळी? सहाव्या वेळी मी बघितलंच नाही अण्णा. दांडीवरचं वजन आधीच साठावर नेऊन ठेवलं, डोळे मिटले आणि पुकारलं.

वहिनीला दिसत नव्हतं असं नाही. ती म्हणायची, "वाळल्यासारखे दिसायलाव ओ तुमी." त्यावर तू वही उघडून तिच्यापुढं धरायचास. "हे बघ, साठ. सुमी पुकारते, मी लिहितो. काटा खोटं बोलतो का?" बिचारी डोळ्यांवरचा विश्वास सोडून वहीवर ठेवायची. तूही तसाच. आरशात बघत नव्हतास का रे? पट्ट्याला खिळ्यानं नवी भोकं पाडत होतास, ती कशासाठी? मला एकदा तरी रागावून विचारायचं होतंस की, सुमे, खरं किती? मी सांगितलं असतं. आता वाटतं, सांगितलं असतं.

माघात तू अंथरुणावरून उठेनास. कारखान्याची जीप मिळाली, सोलापूरचा रस्ता धरला आणि उमरग्याच्या अलीकडंच तू गेलास. सोलापुरात कुणी तुला तोललं नाही. सहाव्या खेपेचं वजन कुणालाच कळलं नाही.

वहिनीनं सगळं त्या डॉक्टरांवर घातलं. "साठ किलोचा गडी असा दोन दिवसांत जातो व्हय? त्यानं दिलंच कायतरी वंगाळ औषध." तुझी वही घेऊन ती भर बाजारात त्यांच्या दवाखान्यासमोर उभी राहिली. ते भले गृहस्थ खाली मान घालून ऐकत राहिले. मी तिच्या शेजारी उभी होते. मी काय केलं असेल? तिच्या खांद्यावरचा पदर नीट केला.

आता तिकडचं सांगते. नीट ऐक, कारण मला हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

तुझ्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, शाळेच्या परीक्षा संपल्या आणि एप्रिलातल्या एका दुपारी मी वही काढली. वाटलं, तिकडं तरी तुला थोडे दिवस ठेवावं. औरादचा यल्लप्पा आव्हान देऊन बसलेला होता. तुझं वजन आता कोणत्या काट्यावर करणार? म्हणून इतरांसारख्या कवड्या टाकल्या. तीन उताण्या. साठातून तीन गेले.

सत्तावन्न लिहिताना माझा हात थांबला. पण तीन ही काही मोठी गोष्ट नाही, कितीदा पडतात. लढत लावली. तू जिंकलास.

जूनमध्ये उदगीरच्या रहीमशी होती. एक उताणी. छप्पन्न. तू जिंकलास.

ऑगस्टात बसवकल्याणचा वीरभद्र. कवड्या टाकायच्या आधीच मी मनात म्हणत होते, पाच पडू नकोत. पाच पडल्या. एक्कावन्न. बाहेर लख्ख ऊन होतं, शेजारी कमलच्या अंगणात शेंगा वाळत होत्या, कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आणि मी त्या कवड्या परत परत मोजत राहिले, पाचच. त्याही लढतीत तू जिंकलास.

ऑक्टोबरात तीन. अठ्ठेचाळीस.

मी गणित शिकवते. सात कवड्यांत असं लागोपाठ पडणं अवघड आहे, अशक्य नाही, हे फळ्यावर मांडून दाखवू शकते. पण हे आकडे मी कुठंच लिहिले नव्हते अण्णा. कुणालाच सांगितले नव्हते. आपण देव मानत नाही, भूत मानत नाही, मी रोज सकाळी वंदना म्हणते. मग माझ्या पडवीत भर दुपारी हे कोण तोलतंय?

आणि आढावा लिहिणाऱ्याच्या नजरेनं बघितलं तर आणखी विचित्र. दर लढतीला तू हलका होत गेलास आणि दर लढतीला जास्त सहज जिंकलास. वीरभद्राला तर तुझ्याविरुद्ध एकही फेरी मिळाली नाही. तिकडच्या लोकांना काय दिसत असेल? ठोसा मारावा आणि समोर काही लागू नये, असं होत असेल का त्यांना? मी लिहिणार होते की, विजेत्याच्या अंगाला यंदा कुणाचाच हात पोचला नाही. लिहिलं आणि खोडलं.

ऑक्टोबरातल्या त्या लढतीच्या सकाळी वहिनी चुलीपुढं भाकरी थापताथापता म्हणाली, "सुमनबाई, पहाटं सपनात आलते ते. दारात हुबे. मी उचलून आत घेतलं तर लेकरावानी हलके! असं कसं ओ? ते तर भारी होते की."

मी म्हणाले, स्वप्नच ते.

परवा कमलची पोरगी तापानं फणफणली. कमल तिला घेऊन डॉक्टरांकडं निघाली होती. वहिनी धावत गेली आणि तिला दवाखान्याच्या पायरीवरून परत घेऊन आली. "माझा धनी खाल्ला त्यानं. तू कामून जायलीस तिथं?" पोरीला बिदरच्या बसमध्ये घालून न्यावं लागलं, रस्त्यात तिला झटके आले. वाचली. पण बस थोडी उशिरा आली असती तर? मी घरात होते. मला सगळं ऐकू येत होतं. दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

म्हणून आज शाळेतून आले आणि वर्षाची शेवटची लढत लावली. समोर कोण होता माहीत आहे? उमरग्याचा दगडू. तू जिथवर पोचला नाहीस, त्या गावचा.

कवड्या टाकल्या. त्या जमिनीवर फिरल्या आणि एकेक करत थांबल्या. सातच्या सात उताण्या, अण्णा. एकवीस वर्षांत असं मी दोनदा का तीनदा बघितलं असेल. एक्केचाळीस.

आणि मला आठवलं. सहाव्या वेळी काट्यावरून उतरताना तुझा तोल गेला होता. मी काखेत हात घालून धरलं आणि तू आख्खा उचलला गेलास. रिकाम्या घागरीसारखा. तू हसून म्हणालास, "मास्तरीणबाईला ताकद आली की गं!" त्या क्षणी मला कळलं होतं. आकडा नाही, पण कळलं होतं. बघितलं नाही म्हणून मला ठाऊक नव्हतं, हे जे मी वर्षभर स्वतःला सांगत होते, तेही खोटंच होतं.

लढत झाली. पहिली फेरी तुझी, दुसरी दगडूची. तिसरीत दगडूला चार. तुझ्या टाकल्या तेव्हा तीन उताण्या, तीन पालथ्या आणि सातवी वहीच्या पुठ्ठ्याला टेकून तिरकी. उताणी म्हटली तर चार-चार, बरोबरी, गादी तुझीच. पालथी म्हटली तर तू हरलास. आणि चाळिशी ओलांडलेला एकदा हरला की वहीतून त्याचं नाव कमी करायचं, हा नियमही तुझाच.

घरात दुसरं कुणी बघत नव्हतं. पडवीच्या भिंतीवरचं ऊन हलत नव्हतं. माझ्या पाठीमागं कुणीतरी पाठ करून बसलंय आणि मी काय पुकारते त्याची वाट बघतंय, असं मला इतकं स्पष्ट वाटलं की मी वळले नाही. वळले असते तर "उताणी" म्हणाले असते.

"पालथी," मी म्हणाले. मोठ्यानं. कारखान्यावर पुकारतात तसं.

आतून वहिनीचा आवाज आला, "कुणासंगं बोलायलाव ओ?"

"कुणासंगं न्हाई," मी म्हणाले. बघ, पुन्हा!

तिच्याकडं गेले तर ती तुझा तपकिरी कोट उन्हात घालून आणून घडी करत बसली होती. म्हणाली, "आज कोट बी हलका लागायलाय बाई." मी तिथं उभी राहू शकले नाही. इथं येऊन हे पत्र लिहायला घेतलं.

आढाव्याची शेवटची ओळ अशी होईल. भालकीचा धर्मा, वजन एक्केचाळीस, उमरग्याच्या दगडूकडून पराभूत, नाव कमी केले. तुला कमी करायला मला वर्ष लागलं. आता वहीत तू नाहीस, आणि खरं सांगू, मला अजूनही पाठीमागं बघवत नाही.

आढावा वाचून दाखवल्याशिवाय पुरा होत नाही, असं तू म्हणायचास. तू वाचायचास, मी ऐकायची. उद्या दुपारी वहिनीची भांडी झाली की मी तिला पडवीत बसवणार आहे. साठ, सत्तावन्न, छप्पन्न, एक्कावन्न, अठ्ठेचाळीस, एक्केचाळीस. ती विचारेल, हे कुणाचं वजन? मी सांगेन. कोण पुकारत होतं आणि काय पुकारत होतं, तेही सांगेन. मग तिनं मला या घरात ठेवावं की न ठेवावं, ते ती ठरवेल. तिथून मी डॉक्टरांकडं जाईन. ती आली तर दोघी, नाही तर एकटी. बाजार भरलेला असताना जाईन, कारण तिनं भर बाजारात शिव्या दिल्या होत्या आणि मी ऐकत उभी होते.

एकच मागणं आहे अण्णा. उद्या मी वाचत असताना तू येऊ नकोस. वहिनी समोर बसलेली असेल, आणि तिच्या मागे दारात जर तू उभा दिसलास, त्या कोटात, हसत, "किती गं?" विचारत, तर माझ्या तोंडातून काय निघेल याचा मला भरवसा नाही.

पण तू यायचंच ठरवलं असशील तर मी अडवू शकत नाही. ये. तू दारात उभा असलास तरी मी एक्केचाळीसच म्हणेन. हे माझं वचन.

तुझी,
सुमी